चोरबाजारातला प्रोजेक्टर, कोल्हापूरचा कॅमेरा आणि टीव्हीवर अडकणारी स्क्रीन : बाबूराव पेंटर यांची गोष्ट

घरच्यांकडून आणि मित्रांकडून मला दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, टॅबची स्क्रीन टीव्हीवर टाकली की चित्र अडकतं, काय करू? दुसरा, जुना टॅब विकायचाय, आधी काय काय करायला लागतं?

दोन्हींची उत्तरं शोधली तर ढिगानं सापडतात. पण नुसत्या पायऱ्या पाठ करून उपयोग नाही. पुढच्या अपडेटला सेटिंगमधली बटणं जागा बदलतात आणि आपण पुन्हा तिथंच. आत काय चाललंय ते कळलं की बटण कुठं का असेना, सापडतं. हे मला एका माणसाच्या गोष्टीमुळं पटलं. तो माणूस आमच्या कोल्हापूरचा आणि जाऊन सत्तर वर्षांहून जास्त काळ झाला. त्यांनी स्मार्टफोन बघितला नाही, टीव्हीही नाही. पण स्क्रीनवर चित्र का थरथरतं, का फाटतं, का अंधारतं, हे त्यांच्याइतकं त्या काळात फार थोड्यांना कळत असेल.

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ आहे. आपण त्याच्या बाजूनं रोज गाडी काढतो, वर बघत नाही. तो ज्यांच्या आठवणीसाठी आहे, त्यांच्याबद्दल आज बोलू.

पेंटर हे आडनाव नव्हतं

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापुरातला. वडील कृष्णराव सुतारकाम आणि लोहारकाम करणारे कारागीर. चित्रकला आणि कोरीवकामातही त्यांचा हात चालायचा. अशा घरात पोराच्या हाताला आधी हत्यार लागतं, पुस्तक नंतर. बाबूराव चित्रकला कुठल्या कॉलेजात शिकले नाहीत. बघून, करून, चुकून शिकले. लोक त्यांना कामावरून पेंटर म्हणायला लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागं पडलं.

त्यांच्यासोबत नात्यातले भाऊ आनंदराव होते. तेही चित्रकार. १९१० ते १९१६ या काळात ही जोडी नाटकांचे पडदे रंगवण्यात पश्चिम भारतात नावाजलेली होती. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीचे पडदे त्यांनी रंगवले, गुजराती आणि पारशी नाटक कंपन्यांचेही. सपाट कापडावर लांब जाणारा रस्ता, खोल दिसणारा महाल काढायचा, तोही असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाला खरा वाटला पाहिजे. म्हणजे मोठ्या पडद्यावर लांबून काय दिसतं आणि काय दिसत नाही, याचा अभ्यास सिनेमाच्या आधीच सुरू झाला होता.

मग १९१३ साल आलं. दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र ३ मे रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. आनंदराव आणि बाबूराव सिनेमानं झपाटले. आपण सिनेमानं झपाटलो की काय करतो? रील्स बघतो, रिव्ह्यू टाकतो. या दोघांनी मुंबईच्या चोरबाजारातून एक जुना प्रोजेक्टर विकत घेतला आणि लोकांना सिनेमे दाखवायला लागले. दाखवता दाखवता शिकत गेले.

सेकंडहँड मशीन. वॉरंटी नाही, सर्व्हिस सेंटर नाही. चोरबाजारातल्या मालाबरोबर मॅन्युअल कुठलं मिळणार? बंद पडलं तर उघडायचं, एवढा एकच मार्ग.

प्रोजेक्टरच्या पोटात

इथं जरा थांबू, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर याच पेटीत आहे.

सिनेमाची फिल्म ३५ मिलिमीटर रुंद. दोन्ही कडांना भोकं. त्या भोकांत दातेरी चाकाचे दात अडकतात आणि फिल्म पुढं सरकते. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ फ्रेम. हिशोब सोपा आहे, एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे सेकंदाला एक फूट. हजार फुटांचं रीळ सोळा-सतरा मिनिटं चालणार.

पण फिल्म सलग सरकत राहिली तर पडद्यावर नुसता पुसट पट्टा दिसेल. म्हणून प्रत्येक फ्रेम लेन्ससमोर येऊन क्षणभर पूर्ण थांबते. मग शटर प्रकाश अडवतं, त्या अंधारात पुढची फ्रेम ओढली जाते, ती थांबते, शटर उघडतं. सेकंदाला सोळा वेळा थांबा आणि चला. आपल्याला चित्र हलताना दिसतं, पण लेन्ससमोर ते कधीच हललेलं नसतं.

आता अडचण बघा. वरचं रीळ एकसारखं फिरतंय आणि मधली फिल्म झटके देत थांबतेय. दोघांना थेट जोडलं तर फिल्म तुटणार. म्हणून फाटकाच्या वर आणि खाली फिल्मचा थोडा सैल वेटोळा सोडतात. वरून येणारी फिल्म त्या वेटोळ्यात जमते, झटका आला की तिथून वापरली जाते. हा वेटोळा संपला की चित्र उड्या मारायला लागतं आणि भोकं फाटतात.

ओळखीचं वाटलं? हाच बफर. टीव्हीवर गोल गोल फिरणारं चिन्ह येतं तेव्हा वेटोळा संपलेला असतो. वापर होतोय त्या वेगानं माल येत नाहीये.

आणखी एक. मुरलेला ऑपरेटर मशीन न उघडता फक्त पडद्याकडं बघून बिघाड ओळखतो. चित्र अंधुक म्हणजे लेन्स. चित्र उड्या मारतंय म्हणजे वेटोळा किंवा दाते. पांढऱ्या अक्षरांना वर किंवा खाली शेपूट फुटलंय म्हणजे फिल्म हलत असतानाच शटर उघडं राहतंय, वेळ चुकलीय. प्रत्येक बिघाडाची पडद्यावरची सही वेगळी. चित्र नीट नाही एवढंच म्हणून कोणी सगळं मशीन खोलत बसत नाही.

आपण मात्र तेच करतो. टॅब रीस्टार्ट, टीव्ही रीस्टार्ट, राउटर रीस्टार्ट, शेवटी दोन शिव्या.

तर सही बघायला शिकू. स्क्रीन टीव्हीवर टाकायच्या दोन पद्धती आहेत आणि त्या सारख्या दिसल्या तरी वेगळ्या आहेत. मिररिंगमध्ये टॅब आपल्या स्क्रीनचं सतत चित्रण करतो, ते दाबून लहान करतो, वाय-फायनं पाठवतो आणि टीव्ही ते उलगडतो. सगळा भार टॅबवर. कास्टिंगमध्ये व्हिडिओ ॲपमधून टॅब टीव्हीला फक्त पत्ता सांगतो आणि टीव्ही स्वतः इंटरनेटवरून व्हिडिओ आणतो. टॅब मग रिमोटपुरता उरतो. म्हणून ॲपमध्ये कास्टचं चिन्ह असेल तर आधी तेच वापरा. जुन्या टॅबला मिररिंग जड जातं, तो तापतो आणि वेग कमी करतो.

यादीत टीव्हीचं नावच दिसत नसेल तर चित्राचा प्रश्न नाही, नेटवर्कचा आहे. कास्टिंगसाठी दोघं एकाच वाय-फायवर हवेत. एक मुख्य वाय-फायवर आणि दुसरा गेस्टवर असेल तर राउटर त्यांना एकमेकांना दिसू देत नाही. हॉस्टेल, लॉज, ऑफिसात तर हे मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, तिथं एचडीएमआय केबल बरी. पण केबल घेण्याआधी टॅबचा टाइप-सी पोर्ट चित्र बाहेर देतो का ते तपासा. सगळे देत नाहीत.

नाव दिसतं, जोडलं जातं, पण अडकतं? मग वेटोळा संपतोय. २.४ गिगाहर्ट्झवरून ५ वर या. राउटर टीव्हीच्या मागं शोकेसमध्ये कोंबला असेल तर बाहेर काढा. माझ्या चुलत बहिणीच्या घरी एवढ्यानंच काम झालं, आणि ती नवा टीव्ही बघायला निघाली होती. टॅबचा बॅटरी सेव्हरही बंद करा.

नोट्स दाखवताना ठीक आणि क्रिकेट लावलं की चौकोन चौकोन, असं होत असेल तर त्याचंही कारण आहे. व्हिडिओ दाबताना प्रत्येक फ्रेम पूर्ण पाठवत नाहीत, आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच पाठवतात. वहीचं पान बदलत नाही, मॅचमध्ये सगळंच बदलतं. मधला एखादा बदल हरवला की पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत तो डाग तसाच राहतो. बाबूरावांच्या फिल्मला हा त्रास नव्हता. तिथं प्रत्येक फ्रेम स्वतःपुरती पूर्ण. एक फाटली तर एकच गेली.

आवाज येतो पण चित्र काळं, ही सही बिघाडाची नाहीच. काही ॲप मिररिंग मुद्दाम रोखतात, कॉपी होऊ नये म्हणून. सेटिंगमध्ये रात्र घालवू नका.

प्रोजेक्टर चालवणं वेगळं, कॅमेरा बनवणं वेगळं

परत कोल्हापूरला. प्रोजेक्टर समजल्यावर या भावांना पुढचा प्रश्न पडला, जो पडायलाच हवा होता. चित्र दाखवता येतं, तर घेता का येऊ नये?

तत्त्व एकच आहे. प्रोजेक्टरमध्ये प्रकाश फिल्ममधून बाहेर जातो, कॅमेऱ्यात बाहेरचा प्रकाश फिल्मवर येतो. थांबा आणि चला तेच. ल्युमिएर बंधूंचं पहिलं यंत्र तर कॅमेरा आणि प्रोजेक्टर दोन्ही होतं, आणि ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्याचा खेळ झाला होता. फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. कोल्हापूरच्या दोघांनी कॅमेरा घरीच जुळवायचं ठरवलं.

तत्त्व एक असलं तरी काम कितीतरी अवघड. प्रोजेक्टर थोडा हलला तर एक खेळ वाईट होतो, पुढच्या खेळाआधी दुरुस्त करता येतो. कॅमेरा हलला तर ती थरथर निगेटिव्हवर कायमची बसते. आकड्यात सांगतो. फ्रेमची उंची साधारण १८ मिलिमीटर. पडदा तीन मीटर उंच धरला तर चित्र सुमारे १६७ पट मोठं होतं. फ्रेम थांबायच्या जागेत एक दशांश मिलिमीटरची चूक झाली तर पडद्यावर चित्र दीड सेंटिमीटरनं उडणार, तेही सेकंदाला सोळा वेळा. शिवाय पेटीत प्रकाशाचा कणही शिरता कामा नये.

माझे आजोबा शिवाजी उद्यमनगरात टर्नर होते. आयुष्य लेथवर गेलं. बाबूरावांचा विषय निघाला की ते सिनेमाबद्दल बोलायचेच नाहीत, दातेरी चाकाबद्दल बोलायचे. सगळे दात सारख्या अंतरावर कसे आले असतील, माप कशानं घेतलं असेल, धातू कुठला असेल. त्यांना त्यातला वैताग कळत होता, म्हणून कौतुकही खरं होतं. एकदा ते हातवारे करून असं चाक कसं कापायचं ते सांगत होते आणि मी टॅबवर त्यांचा व्हिडिओ घेतला. त्याबद्दल पुढं सांगतो.

कॅमेऱ्याचं काम मुख्यतः आनंदरावांचं होतं. ते चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदराव गेले.

इथं गोष्ट संपू शकली असती. आपल्या क्षेत्रात हे आपण बघतोच. ज्याच्या डोक्यात सगळं डिझाइन होतं तो माणूस गेला की प्रोजेक्ट बंद. पण बाबूराव आणि त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांनी अर्धवट काम उचललं. दामले पुढं मोठे दिग्दर्शक झाले, पण त्या वेळी ते यंत्राशी झटणारे तरुण होते. १९१८ पर्यंत चालता कॅमेरा तयार झाला.

महाराष्ट्र फिल्म कंपनी

कॅमेरा असला म्हणजे सिनेमा होत नाही. पैसा लागतो. तो दिला गायिका तानीबाई कागलकर यांनी. भारतीय सिनेमाच्या इतिहासात त्यांचं नाव एका ओळीत संपतं, आणि ते मला बरोबर वाटत नाही. घरी जुळवलेल्या कॅमेऱ्यावर आणि एकही सिनेमा न केलेल्या माणसावर पैसे लावायला काय लागतं ते स्टार्टअपवाल्यांना विचारा. शाहू महाराजांचं पाठबळही कंपनीला होतं.

पहिला चित्रपट सैरंध्री. १९२० मध्ये पुण्यात लागला. महाभारतातली द्रौपदी, कीचक आणि भीमाची कथा. फाळक्यांच्या राजा हरिश्चंद्रमध्ये तारामतीचं काम पुरुषानं केलं होतं. बाबूरावांनी स्त्रीची भूमिका स्त्रीलाच दिली. त्या काळी सिनेमात काम करणाऱ्या बाईकडं समाज कसा बघायचा हे वेगळं सांगायला नको. कीचकवध त्यांनी इतका खरा दाखवला की ते दृश्य सेन्सॉरच्या कात्रीत सापडलं. लोकमान्य टिळकांनी चित्रपटाचं कौतुक केलं आणि बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले.

पुढची चार-पाच वर्षं मला या आयुष्यातली सगळ्यात श्रीमंत वाटतात. कोल्हापूरच्या कंपनीत एकाच वेळी बाबूराव, दामले, फत्तेलाल होते, आणि १९२० मध्ये आलेला, पडेल ते काम करणारा शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगा, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम. १९२१ च्या सुरेखा हरणमध्ये शांताराम पहिल्यांदा पडद्यावर आले. १९२३ च्या सिंहगडमध्ये ते शेलारमामा होते.

सिंहगड रात्रीच्या लढाईचा चित्रपट. त्या वेळची फिल्म प्रकाशाला मंद, भर उन्हाशिवाय चित्रण व्हायचं नाही. बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला, धुकं तयार केलं. पडदे रंगवण्यात नाव कमावलेल्या या माणसानं सिनेमातून रंगवलेला पडदाच हद्दपार केला हे मला फार आवडतं. भिंतीचं चित्र नको, भिंतच उभी करा, माणूस तिच्या मागून फिरून आला पाहिजे. रंगवलेली खोली नाटकातल्या प्रेक्षकाला चालते, कॅमेऱ्याला चालत नाही, हे त्यांना कळलं होतं.

जाहिरातही त्यांनीच बदलली. चित्रपटाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिका त्यांनी १९२१-२२ मध्येच काढल्या. पोस्टर स्वतः रंगवायचे. १९२४ च्या कल्याण खजिनाचं त्यांनी केलेलं पोस्टर हे भारतीय सिनेमाचं आज टिकून असलेलं सगळ्यात जुनं पोस्टर मानतात. हे लक्षात ठेवा, पोस्टर टिकून आहे.

मग १९२५ चा सावकारी पाश. कथा नारायण हरी आपट्यांची. देव नाहीत, राजे नाहीत. एक शेतकरी, त्याची सावकारानं गिळलेली जमीन आणि शहरातल्या गिरणीत मजुरी करायला गेलेलं आयुष्य. शेतकऱ्याचं काम शांतारामांनी केलं. आज या चित्रपटाचं नाव भारतातल्या वास्तववादी सिनेमाची सुरुवात म्हणून घेतात. तेव्हा तो चालला नाही. चमत्कार बघायला आलेल्या प्रेक्षकाला आपलीच गरिबी बघायची नव्हती. बाबूराव पुन्हा पोशाखी चित्रपटांकडं वळले. माझ्या मते इथं त्यांच्यातलं काहीतरी मोडलं, पण हे माझं मत झालं.

सोडून गेलेले शिष्य आणि आलेला आवाज

१ जून १९२९ ला दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासोबत कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. ज्याच्याबरोबर कॅमेरा घडवला तो दामलेही गेला. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला हलली. तिच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. दामले आणि फत्तेलाल यांचा संत तुकाराम १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. ती मुळं खरी कॉर्नरची.

दुसरा धक्का आवाजाचा. १४ मार्च १९३१ ला आलम आरा आला आणि सिनेमा बोलायला लागला. बाबूरावांना बोलपटाची ओढ नव्हती. वर्षानुवर्षं कष्टानं घडवलेली चित्राची भाषा बोलण्याच्या भरात बुडेल असं त्यांना वाटायचं. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली.

आवाजानं यंत्राचंही गणित बदललं. चित्राला फिल्म थांबायला हवी, आवाजाला ती एकसारखी वाहायला हवी. एकाच जागी दोन्ही होत नाही. म्हणून फिल्मवर आवाज चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढं छापतात आणि प्रोजेक्टरमध्ये तो वेगळ्या जागी वाचतात, मधे वेटोळा. वेग सेकंदाला २४ फ्रेम ठरला. ऑपरेटरनं फिल्म भरताना वेटोळा लहानमोठा केला की ओठ आधी, शब्द नंतर. तुम्ही टीव्हीला चित्र आणि ब्लूटूथ स्पीकरला आवाज दिला की हेच होतं. दोन वाटा, दोन वेगळे उशीर. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये आवाज पुढंमागं करायची सोय असते, नाहीतर स्पीकर वायरनं टीव्हीलाच जोडा.

बाबूरावांनी पुढं बोलपटही केले. १९३५ मध्ये उषा, १९३६ मध्ये सावकारी पाश पुन्हा, या वेळी आवाजासह. न चाललेला चित्रपट अकरा वर्षांनी परत करणारा माणूस हट्टी असणारच. १९३७ मध्ये प्रतिभा. १९४७ च्या लोकशाहीर रामजोशीसाठी शांतारामांनी आपल्या या गुरूला बोलावलं. बाकी काळ चित्रं आणि शिल्पं. १६ जानेवारी १९५४ ला ते कोल्हापुरात गेले.

विकण्याआधी

आता तुम्ही म्हणाल, सैरंध्री बघायचा कुठं? बघता येत नाही. त्यांचे मूकपट जवळजवळ सगळे गेले, मुरलीवालासारख्या एखाद्याचे अंश सोडले तर. भारतात हजाराहून जास्त मूकपट झाले, त्यातले बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

कारणं दोन. त्या फिल्मचा पाया नायट्रेटचा, म्हणजे उष्णतेनं पेट घेणारा. एकदा पेटली की स्वतःच ऑक्सिजन तयार करते, पाण्यातही विझत नाही. आणि दुसरं कारण आपल्या विषयाचं. कृष्णधवल फिल्मच्या लेपात चांदी असते. खेळ संपलेले चित्रपट सिनेमाच्या धंद्यात भंगाराच्या भावानं विकले जायचे, फिल्म धुऊन चांदी काढायची आणि चित्र गटारात. विकणाऱ्याला ती वापरून झालेली फिल्म वाटत होती, घेणाऱ्याला चांदी. आत काय आहे ते आधी बाहेर काढून ठेवावं असं कोणाला वाटलं नाही.

मला हसायचा अधिकार नाही. आजोबांचा तो व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता. टॅब विकताना फोटोंचा बॅकअप झालाय असं मी धरून चाललो. खात्री केली नाही. स्टोरेज भरल्यामुळं बॅकअप कितीतरी महिने आधीच थांबला होता. मी रीसेट मारला, टॅब गेला, पैसे आले. दोन वर्षांनी आजोबा गेल्यावर व्हिडिओ शोधायला बसलो तेव्हा कळलं. व्यवसायानं मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे.

नव्या अँड्रॉइडमध्ये सगळा डेटा कुलूपबंद असतो आणि रीसेट म्हणजे किल्लीच नष्ट करणं. विकताना हे चांगलं, कारण घेणाऱ्याला तुमचं काही सापडत नाही. पण तुम्हालाही सापडत नाही. चांदी धुतल्यासारखंच.

म्हणून बॅकअप चालू आहे असं लिहून आलं तरी विश्वास ठेवू नका. दुसऱ्या मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर लॉगिन करा आणि जुने, मोठे दोन-तीन व्हिडिओ प्रत्यक्ष चालवून बघा. रेकॉर्डिंग, डाउनलोड आणि व्हॉट्सॲपचे फोल्डर गॅलरीच्या बॅकअपमध्ये येतीलच असं नाही, ते केबलनं उतरवा. टॅबवर ओटीपी तयार करणारं ॲप असेल तर ते आधी नव्या मोबाईलवर हलवा, नाहीतर स्वतःच्याच अकाउंटबाहेर उभे राहाल. मेमरी कार्ड आणि सिम काढा. मग स्क्रीन लॉक काढून गुगल अकाउंट टॅबवरून काढून टाका आणि त्यानंतर सेटिंगमधून रीसेट करा. हा क्रम महत्त्वाचा. अकाउंट न काढता बटणं दाबून रीसेट केलात तर चालू करताना टॅब तुमचाच पासवर्ड मागतो आणि घेणारा रात्री अकराला फोन करतो. फार जुना टॅब असेल तर रीसेटच्या आधी सेटिंगमध्ये एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा, नसेल तर करा. बिल आणि बॉक्स द्या. सिमवाला टॅब तुम्ही घेणार असाल तर संचार साथीवर त्याचा आयएमईआय तपासा. चोरबाजाराची गोष्ट १९१३ ला शोभली, आज चोरीचा माल गळ्यात यायला नको.

शेवटचं राहिलंच. मिररिंगसाठी एकदा परवानगी दिलेल्या डिव्हाइसची नावं बरेच टीव्ही लक्षात ठेवतात. टीव्हीच्या कनेक्शन सेटिंगमध्ये जाऊन विकलेल्या टॅबचं नाव तिथूनही काढा. आणि टीव्हीच विकत असाल तर त्यावरची सगळी ॲप लॉगआउट करून त्यालाही रीसेट द्या, हे तर जवळजवळ सगळेच विसरतात. आमच्या हॉलमधल्या टीव्हीच्या यादीत त्या टॅबचं नाव परवापर्यंत होतं.